भाड्याचं घर आणि मागचं परडं : कोल्हापुरात नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

राजारामपुरी, साने गुरुजी वसाहत, फुलेवाडी, कळंब्याकडच्या कॉलन्या, या भागांत अजून बैठी घरं आणि छोटे बंगले पुष्कळ आहेत. मालक पुढच्या भागात किंवा वरच्या मजल्यावर राहतो, मागच्या दोन-तीन खोल्या भाड्यानं देतो, आणि घरामागं थोडं परडं असतं. एखादा नारळ, कढीपत्ता, जास्वंद, मोरीच्या पाण्यावर माजलेला अळू, धुण्याचा दगड, कपडे वाळत घालायची तार. विद्यापीठात, दवाखान्यात नाहीतर गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला आलेला माणूस खोल्या बघतो, मागचं दार उघडतो आणि हिरवळ बघून जागच्या जागी होकार देतो. भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, लाइटबिलाचं ठरतं. परड्याबद्दल मात्र एवढंच बोलणं होतं : "वापरा की, तुमचंच हाय."

पुढं भांडण होतं ते या वाक्यावरून. मालकाच्या मनात असतं, संध्याकाळी बसा, धुणं वाळत घाला, चार कुंड्या ठेवा. भाडेकरू समजतो, खणा, पेरा, पिकवा. दोघंही सरळ माणसं असतात, आणि तरी वर्षाच्या आत एकमेकांशी बोलणं बंद होतं. अशी घरं मी जवळून बघितली आहेत, म्हणून पहिल्यांदाच सांगतो : परड्याचं बोलणं किल्ली हातात घेण्याआधी करा, आणि बोललेलं करारात लिहून घ्या. बाकीचा सगळा लेख हे कसं करायचं याचाच आहे.

खोली बघताना मागं जाऊन उभं राहा

शक्यतो सकाळी जा. परडं कोण कसं वापरतं हे सकाळी सातच्या सुमारास जेवढं कळतं तेवढं दुपारी कळत नाही. मालकीणबाई फुलांची परडी घेऊन जास्वंदीपाशी येतात का, त्यांची वाट तुमच्या खिडकीखालून जाते का, वरच्या मजल्यावरचा दुसरा भाडेकरूही तिथंच धुणं धुतो का, कुणाची गाडी मागं लागते का, हे बघून ठेवा. देवाला फुलं काढायला येणं कुणी थांबवणार नाही आणि थांबवूही नये. पण तुम्हाला रोज सकाळी खिडकीपाशी माणूस नको असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

मग जमिनीकडं बघा. सेप्टिक टँकचं झाकण, ड्रेनेजचा चेंबर, पाण्याच्या पाइपची लाइन कुठून जाते ते मालकालाच विचारा. त्यावर किंवा त्याला लागून काही लावायचं नाही, कारण उद्या चेंबर तुंबला की पहिली कुदळ तुमच्या वाफ्यात पडणार. ऊन किती तास येतं ते बघा. नारळाच्या नेमकं खाली बसायची जागा किंवा वाफा नको. नागाळा पार्कचा सखल भाग, सुतारवाडा, दुधाळी अशा पंचगंगेच्या किंवा जयंती नाल्याच्या जवळच्या वस्तीत घर बघत असाल, तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं तेही विचारा. पुराचं पाणी बसलेली पालेभाजी खायची नसते, आणि गाळ उपसायचा कुणी यावरूनही वाद होतात.

काय काय विचारायचं

नळाचं पाणी बागेला चालेल का? हा सगळ्यात नाजूक विषय. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं, टाकी भरायची घाई असते, आणि त्याच वेळी कुणी पाइप लावून वाफे भिजवत बसलं की मालकाचा जीव जळतो. त्याचं बरोबरच आहे, ते प्यायचं पाणी आहे. बोअर किंवा आड असेल तर प्रश्न सोपा होतो, पण मोटरीचं बिल कुणाच्या मीटरवर येतं ते विचारून घ्या. भाज्या धुतलेलं पाणी बागेला उत्तम. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका.

फळं कुणाची? आंबा, नारळ, फणस, चिकू यांच्यावरून जेवढी मनं दुखावतात तेवढी भाडेवाढीवरूनही दुखावत नाहीत. बहुतेक घरांत रीत अशी आहे की आधीपासून असलेल्या झाडाची फळं मालकाची, भाडेकरूनं लावलेलं भाडेकरूचं, आणि कढीपत्ता, गवती चहा, तुळस यांना हिशेब नाही. पडलेल्या आंब्यांचं काय, नारळ उतरवणाऱ्याची मजुरी कुणी द्यायची, हे मात्र रीतीत नाही. ते विचारावं लागतं. मालक गावाला गेले असताना पाडाचे आंबे उतरवून शेजाऱ्यांत वाटून टाकणं हा प्रकार अजिबात करू नका. चांगल्या मनानं केलं तरी ते झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं असतं, आणि पहिला आंबा देवापुढं ठेवायचा असतो.

जमिनीत लावायचं की कुंडीत? मालक आत कधी येणार, सांगून की न सांगता? कुत्रं, कोंबड्या चालतील का? खत कुठं टाकायचं? हे चार प्रश्नही त्याच बैठकीत उरकून घ्या. काकूंना विचारा, काकांना विचारा, आणि शक्यतो दोघं एकत्र असताना विचारा. काका "चालतंय की" म्हणतात आणि बागेची खरी मालकीण काकू असतात, असं पुष्कळ घरांत असतं.

करारात कसं आणायचं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (नुसत्या वापराच्या परवानगीचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय असा नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते ग्राह्य धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी टाळून आपण सुरक्षित राहू असं ज्या मालकांना वाटतं, त्यांनी हे कलम एकदा वाचावंच.

त्याच कायद्यात 'जागे'च्या व्याख्येत इमारतीला किंवा तिच्या भागाला लागून असलेली बाग आणि मोकळी जागाही येते. म्हणजे परडं हा कायद्याच्या नजरेत फुकटचा भाग नाही. पण एका परड्याला दोन-तीन कुटुंबांची दारं लागत असतील, तर कुणाचा किती वापर हे व्याख्या सांगणार नाही, करारच सांगेल.

आपल्याकडचे बहुतेक करार ११ महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे असतात आणि घरबसल्या ऑनलाइन नोंदवले जातात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं. एजंटाच्या तयार मसुद्यात खोल्या, किचन, संडास-बाथरूम, पंखे, ट्यूबलाइट सगळं असतं, परडं नसतं. त्याला सांगून इतर अटींमध्ये साधारण असा मजकूर घालून घ्या :

"घराच्या मागील मोकळ्या जागेपैकी पूर्वेकडील भिंतीलगतची अंदाजे १० फूट बाय ६ फूट जागा भाडेकरूस भाजीपाला व फुलझाडे लावण्यासाठी वापरता येईल. उर्वरित जागा, धुण्याचा दगड व कपडे वाळत घालण्याची तार दोन्ही पक्षांच्या सामाईक वापरात राहील. कराराआधीच्या झाडांची फळे-फुले घरमालकाची व भाडेकरूने लावलेल्या पिकाचे उत्पन्न भाडेकरूचे राहील. जमिनीत मोठे होणारे झाड लावणे, जुने झाड छाटणे अथवा तोडणे आणि कोणतेही पक्के बांधकाम घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाही. बागेसाठी बोअरचे पाणी रोज अर्धा तास वापरता येईल. भाडेकरूच्या वाफ्यातील काहीही काढण्यापूर्वी घरमालक किमान १५ दिवस आधी कळवील. करार संपताना भाडेकरू स्वतःच्या कुंड्या व साहित्य नेईल आणि जागा सपाट करून देईल."

मापं, दिशा, दिवस तुमच्या घराप्रमाणं बदला. १५ दिवसांची अट मालक कधी कधी नाकारतात. त्यावर थोडा आग्रह धरा, कारण भाजीला महिना-दोन महिने राबलेलं असतं. मालक तरीही नाही म्हणाले, तर जमिनीत काही लावू नका. कुंड्यांवर भागवा.

करार झाला की त्याच दिवशी परड्याचे फोटो काढा. भिंती, फरशी, नळ, झाडं, कुंपण, सगळं. ते मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि खाली एक ओळ लिहा : "काका, आज ताब्यात घेताना मागची जागा अशी आहे." डिपॉझिट परत घेताना याचा उपयोग होतो.

अकरा महिन्यांत बसेल तेवढंच लावा

लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला वापराची परवानगी मिळते, जमिनीत हक्क तयार होत नाही. त्यामुळं झाड निवडताना कराराची शेवटची तारीख डोळ्यांपुढं ठेवा. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस, भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत तोडायला येते, टोमॅटोला रोप लावल्यापासून अडीच महिने धरा. हळद मे-जूनमध्ये लावली तर आठ-नऊ महिन्यांनी काढायला येते, म्हणजे जूनमध्ये राहायला आलात तर तीही बसते. पपई मात्र फळाला येईपर्यंत तुमचं सामान बांधायची वेळ येईल. लिंबाला तीन-चार वर्षं लागतात. आंब्याचं कलम, शेवगा, फणस लावायचाच असेल तर मालकाला विचारून, हे झाड इथंच राहणार हे मान्य करून लावा.

इथला पाऊस ओळखून घ्या. मे महिन्यात वळीव येतो तेव्हा माती भुसभुशीत करून ठेवावी. मृग लागला की दोडका, कारलं, भेंडी, घेवडा, मिरची. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागते, दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, आणि सपाट वाफ्यातली पालेभाजी कुजते. म्हणून वाफा वीतभर उंच करा आणि पाणी मालकाच्या पायरीकडं न जाता चरीनं बाहेर जाईल असं बघा. चिखलाचे पाय त्यांच्या ओट्यावर उमटायला लागले की तक्रार आलीच. मेथी, पालक, मुळा, टोमॅटो यांना दसऱ्यानंतरचे दिवस चांगले. वाफ्यावर अंथरायला उसाचं पाचट इथं सहज मिळतं. त्यानं ओल टिकते आणि तण कमी येतं.

शेणखत चांगलं कुजलेलंच आणा. ओलं शेण आणून टाकलंत तर चार घरांत वास जातो. ओल्या कचऱ्याचं खत करायचं तर झाकणाच्या पिंपात करा. भिंतीला लागून उघडा ढीग केला की घुशी येतात, घुशींमागं साप येतो, आणि मग बागच नको असं मालक म्हणतात. साप निघाला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. पालापाचोळा पेटवायचा नाही. त्याला बंदी आहे, आणि तारेवरच्या धुण्याला धुराचा वास लागतो तो वेगळाच.

कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकामे डबे, टायर आठवड्यातून एकदा ओतून कोरडे करा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात एखाद्या घरात डेंग्यूचा पेशंट निघाला की सगळ्या गल्लीची नजर नव्या भाडेकरूच्या कुंड्यांवर जाते.

भिंतीला खिळा ठोकण्याआधी मात्र नक्की विचारा. एका घरात भाडेकरूनं दोडक्याचा वेल चढवायला मागच्या भिंतीत खिळे मारून सुतळ्या बांधल्या होत्या. वेल जोरात आला, पिवळी फुलं धरली, बोटभर दोडके लोंबायला लागले. दिवाळीआधी मालकांनी रंगकाम काढलं. मालकांच्या मुलानं काही न बोलता कोयत्यानं बुडातून वेल तोडला. वरचे दोडके दोन दिवस सुतळीवर तसेच सुकत राहिले आणि भाडेकरू बाई मागचं दारच उघडेनात. खिळ्यांची सात-आठ भोकं आणि एक वेल, बाकी काही नव्हतं. शेजारच्या मामांनी दोघांना बसवलं. भाडेकरूनं भोकं बुजवायचा खर्च दिला, मालकांनी स्वतः बांबू आणून भिंतीपासून हातभर लांब मांडव घालून दिला. बांबूचा मांडव पहिल्यापासून घातला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

जुनं झाड

फांदी छपराला लागते, पानं गटारीत पडतात, अंधार येतो, अशा तक्रारी दोन्हीकडून येतात. शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या परड्यातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महापालिकेच्या उद्यान विभागात चौकशी करा. अर्ज मालकानं करायचा, भाडेकरूनं परस्पर करायचा नाही. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला २०२१ च्या दुरुस्तीपासून 'हेरिटेज' झाडाचं संरक्षण आहे. मुळाशी मीठ, अ‍ॅसिड घालून झाड वाळवायचा सल्ला देणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका. झाड असं मारणं हेही तोडण्यातच धरलं जातं.

वाद झालाच तर

पहिल्या दिवशी भांडू नका, पण फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी समोर जाऊन बोला, आणि बोलणं झाल्यावर तेच शांत शब्दांत लिहून पाठवा. असं : "काका, नमस्कार. काल मिरचीची रोपं काढलेली दिसली. करारात १५ दिवस आधी कळवायचं ठरलं होतं. जागा हवी असेल तर सांगा, या महिनाअखेर रिकामी करून देतो. तोपर्यंत उरलेल्या वाफ्याला हात लावू नये ही विनंती." यात आरोप नाही, तारीख आहे, मार्ग आहे. पुढं कुठंही दाखवायला हा मेसेज चालतो.

भाडं थांबवू नका. परड्याचा राग भाड्यावर काढला की आत्तापर्यंत तुमची असलेली बाजू मालकाची होते. तसंच रागानं त्यांच्या जास्वंदीला हात लावू नका.

मालकांनाही सांगायचं आहे. रागाच्या भरात मागचं पाणी बंद करताना घरातलं पाणी, वीज किंवा संडासाची सोय तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार सबळ कारणाशिवाय अशी जीवनावश्यक सोय तोडता येत नाही. बागेला पाणी किती वापरायचं यावर मर्यादा घालणं ही वेगळी गोष्ट आहे, ती करारातून घाला. आणि भाडेकरूच्या वाफ्यात काही उपटायचं असेल तर आधी सांगा. दहा रुपयांची रोपं असली तरी परक्या गावात आलेल्या माणसानं रोज संध्याकाळी पाणी घालून ती जगवलेली असतात.

दोघांत मिटत नसेल तर तिसरा माणूस आणा. पेठेत तालीम मंडळाचे जाणते लोक असतात, कॉलनीत एखादे निवृत्त शिक्षक किंवा जुने शेजारी असतात. दोन्ही घरांत ज्याचा चहा होतो असा माणूस निवडा. त्याच्यासमोर ठरलेलं कागदावर चार ओळींत लिहून तिघांच्या सह्या घ्या. माझ्या मते परड्याच्या भांडणापैकी बहुतेक इथंच संपायला हवीत.

त्याच्या पुढं जायची वेळ आली तर कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथं मोफत वकील मिळतो. एमआयडीसीतल्या कामगारांनी हे लक्षात ठेवावं. हेल्पलाइन १५१०० आहे. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, तिथं फी लागत नाही आणि झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. पोलिसांकडं रोपांसाठी जाऊ नका. पण मारहाण, धमकी, बाहेरून कुलूप असं काही झालं तर ११२ ला फोन करायला संकोच करू नका.

खोली सोडताना

करार संपायच्या दोन महिने आधी नवीन पेरणी थांबवा. मालकांना विचारा, वाफे ठेवायचे की मोडायचे? पुष्कळ काकू "राहू द्या, मी बघतो की" म्हणतात, तेव्हा आळी करून, तण काढून द्या. मोडायचे म्हणाल्या तर माती सपाट करा, बांबू-सुतळी काढा, भिंतीची भोकं बुजवा. टोमॅटो अजून झाडावर आहेत म्हणून मुदतीनंतर राहता येत नाही. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागू शकते.

कुंड्या तुमच्या, त्या न्या. जमिनीत लावलेलं गुलाबाचं किंवा मोगऱ्याचं झाड न्यायचं असेल तर विचारून न्या, आणि जमलं तर त्याआधी एक फांदी छाटून तिथं खोचून द्या. शेवटच्या दिवशी मालकांसोबत मागं एक फेरी मारा, पहिल्या दिवशीचे फोटो समोर ठेवा, आणि जिथं फरक दिसेल तिथंच रक्कम ठरवा. किल्ली देताना कागदावर एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या : "मागील जागेसह घराचा ताबा आज परत मिळाला, डिपॉझिटमधून अमुक रुपये कापले, बाकी अमुक रुपये दिले." फोटो आणि हा कागद वर्षभर तरी जपून ठेवा.